टाच उचलली की पाऊल ताठ होतं का?

तळपायाची कमान बघायची सर्वांना ठाऊक असलेली पद्धत म्हणजे ओला पाय फरशीवर उमटवणं. ठशात मधला भाग पूर्ण भरलेला दिसला की ‘फ्लॅट फूट’ ठरतं आणि लगेच बुटात घालायचा टेकू विकत आणला जातो. पण त्या ठशातून कळतं ते एवढंच, की स्थिर उभं असताना तळव्याचा किती भाग जमिनीला टेकतो. पावलाचं खरं काम चालताना असतं. टाच टेकते तेव्हा सैल होऊन धक्का झेलायचा, जमीन असेल तसा आकार घ्यायचा, आणि पुढच्या अर्ध्या सेकंदाच्या आत इतकं ताठ व्हायचं की पोटरीचा सगळा जोर चवड्यातून जमिनीला लागावा. ही अदलाबदल कुठल्या सांध्यांत होते, कुठली लिगामेंट ती सांभाळतात आणि बिघडते कुठे, ते इथे सांगतो. कमानीची उंची मला त्या मानाने दुय्यम वाटते.

एका पावलात २६ हाडं, ३३ सांधे आणि शंभराहून जास्त लिगामेंट आहेत. मागच्या अर्ध्यात सात हाडं: घोट्यातलं टॅलस, टाचेचं कॅल्केनियस, आतल्या कडेचं नेव्हिक्युलर, बाहेरच्या कडेचं क्युबॉइड आणि मधली तीन क्युनिफॉर्म. त्यांच्या पुढे पाच लांब मेटाटार्सल आणि बोटांत चौदा लहान हाडं; अंगठ्यात दोन, बाकी प्रत्येक बोटात तीन. अंगठ्याच्या मुळाशी चवड्याखाली सेसमॉइड नावाची आणखी दोन बारीक हाडं असतात, ती या २६ मध्ये धरत नाहीत. लिगामेंट हाडाला हाड बांधतं, टेंडन स्नायूला हाडाशी जोडतं. लिगामेंट स्वतःहून आवळत नाही. एकदा ताणून लांबलं की व्यायामाने पुन्हा आखूड होत नाही. त्याचं काम मग आजूबाजूच्या स्नायूंना करावं लागतं. पावलाच्या बऱ्याच उपचारांमागे हेच कारण आहे.

सुरुवात घोट्यापासून करू. नडगीचं हाड आणि त्याच्या बाहेरच्या बाजूचं बारीक फिब्युला, या दोघांची खालची टोकं मिळून एक खाच तयार होते आणि तिच्यात टॅलस बसतं. टॅलसला एकही स्नायू चिकटलेला नाही. त्याचा निम्म्याहून जास्त पृष्ठभाग कूर्चेने झाकलेला असल्यामुळे रक्तवाहिन्यांना आत शिरायला जागा थोडी उरते. म्हणून या हाडाची मान मोडली, तर मागच्या भागाचा रक्तपुरवठा तुटून तो मरायची भीती असते. टॅलसचा वरचा भाग पुढे रुंद आणि मागे काही मिलिमीटरने अरुंद आहे. पाऊल वर घेतलं की रुंद भाग खाचेत घट्ट बसतो. पाऊल खाली केलं, म्हणजे चवड्यावर उभं राहिलं किंवा जिना उतरताना पाऊल पुढे सोडलं, की अरुंद भाग खाचेत येतो आणि सांधा सैल पडतो. घोटा मुरगळतो तो बहुतेक वेळा याच स्थितीत आणि तळवा आत वळून.

बाहेरच्या बाजूला तीन लिगामेंट आहेत. फिब्युलापासून पुढे टॅलसच्या मानेकडे जाणारं सगळ्यांत कमजोर, आणि पाऊल खाली असताना ताण पहिल्यांदा त्याच्यावरच येतो. म्हणून मुरगळण्यात सर्वांत आधी तेच फाटतं. जोर जास्त असेल तर फिब्युलापासून खाली टाचेच्या हाडाकडे जाणारं दुसरं जातं. मागचं तिसरं जाड आहे, ते घोटा जागचा निखळल्याशिवाय सहसा फाटत नाही. आतल्या बाजूला डेल्टॉइड नावाचं रुंद, त्रिकोणी लिगामेंट आहे. ते इतकं मजबूत, की पुष्कळदा ते फाटायच्या आधी हाडाचा तुकडाच निघतो. दुखणं घोट्याच्या वर, नडगी आणि फिब्युला यांच्या मधल्या फटीत असेल आणि पाऊल बाहेर फिरवल्यावर वाढत असेल, तर खाच धरून ठेवणाऱ्या लिगामेंटांना इजा झालेली असते. ती नेहमीच्या लचकेपेक्षा बरी व्हायला बराच जास्त वेळ घेते.

एक्सरे कधी काढायचा यासाठी कॅनडातल्या ओटावा इथे १९९२ मध्ये मांडलेले नियम आजही वापरले जातात आणि ते घरच्यांनाही समजतील इतके साधे आहेत. दोन्ही बाजूंच्या घोट्याच्या हाडांची मागची कड, टोकापासून वर ६ सेंटीमीटरपर्यंत, बोटाने दाबून बघायची. मग करंगळीच्या मेटाटार्सलचं मूळ, म्हणजे पावलाच्या बाहेरच्या कडेला मधोमध हाताला लागणारा उंचवटा. मग आतल्या बाजूचं नेव्हिक्युलर. यांपैकी कुठे हाडावर दाबून दुखत असेल, किंवा इजा झाल्यावर लगेच आणि तपासणीच्या वेळीही चार पावलं टाकता येत नसतील, तर एक्सरे काढायचा. लंगडत टाकलेली पावलंही पावलंच धरायची. ज्याच्या पायाला मधुमेहामुळे बधिरपणा आहे त्याला हे नियम लावू नयेत, कारण त्याचं ‘दुखत नाही’ हे उत्तर भरवशाचं नसतं.

मुरगळलेल्या घोट्याची सूज उतरली, दुखणं थांबलं, की बहुतेक जण विषय संपवतात. मागे दोन गोष्टी राहून जातात: पाऊल वर घेण्याची हालचाल कमी झालेली असते आणि एका पायावरचा तोल गेलेला असतो. हालचाल मोजायला भिंत आणि मोजपट्टी पुरते. अनवाणी, पाऊल भिंतीशी काटकोनात ठेवायचं आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायचा. टेकला की पाऊल थोडं मागे घ्यायचं, पुन्हा टेकवायचा. गुडघा जेमतेम टेकतो त्या जागी अंगठा आणि भिंत यांतलं अंतर मोजायचं. एक सेंटीमीटर म्हणजे साधारण साडेतीन अंश. अंतर १० सेंटीमीटरच्या आसपास असेल तर ठीक. दोन पायांत दोन सेंटीमीटरचा फरक असेल तर आखडलेल्या बाजूवर काम करायला हवं. सपाट रस्त्यावर चालायला घोटा सुमारे १० अंश वर आला तरी भागतं, पण टाचा टेकवून उकिडवं बसायला त्याच्या तिप्पट तरी लागतो. घोटा तेवढा येत नसला की शरीर उरलेली हालचाल पावलाच्या मधल्या सांध्यांतून काढतं आणि कमान खाली दबते. पुष्कळ सपाट दिसणाऱ्या पावलांचं मूळ आखडलेल्या पोटरीत सापडतं.

घोट्याच्या खाली, टॅलस आणि टाचेचं हाड यांच्या मधे, सबटेलर सांधा आहे. लोकांना तो माहीत नसतो, पण खडबडीत जमिनीवर माणूस चालू शकतो तो याच्याच जोरावर. त्याचा आस, म्हणजे ज्या रेषेभोवती तो फिरतो ती, तिरका आहे: आडव्या पातळीपासून साधारण ४२ अंश वर, पावलाच्या मधल्या रेषेपासून साधारण १६ अंश आत. आस तिरका असल्यामुळे टाच बाहेर कलली की नडगी आत फिरते, आणि नडगी बाहेर फिरली की टाच आत वळते. उभं राहून पावलं न हलवता गुडघे बाहेरच्या बाजूला फिरवून बघा, कमान उचलली जाते. गुडघा आणि कमान यांचं नातं या एका सांध्यातून जातं, म्हणून मांडीचे आणि कुल्ल्याचे स्नायू कमजोर असलेल्या माणसाची कमानही दबलेली दिसू शकते. जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस बनवलेला कृत्रिम ‘जयपूर फूट’ शेताच्या बांधावर चालतो, उकिडवं बसू देतो, याचं कारण रबरामुळे त्याला सर्व बाजूंनी थोडं झुकता येतं. त्या काळच्या परदेशी कृत्रिम पावलात नेमकी हीच मुभा नव्हती.

आता मूळ मुद्दा. सबटेलरच्या पुढे पावलाला आडवा छेदणारा एक जोडसांधा आहे: आत टॅलस आणि नेव्हिक्युलर, बाहेर कॅल्केनियस आणि क्युबॉइड. फ्रान्समधले अठराव्या शतकातले सर्जन फ्रांस्वा शोपार यांच्या नावाने तो ओळखला जातो. टाच बाहेर कललेली असते तेव्हा या दोन सांध्यांचे आस जवळजवळ समांतर येतात आणि पावलाचा मधला भाग सहज वाकतो. टाच आत वळली की आस एकमेकांपासून फाकतात, हालचाल अडते आणि पाऊल ताठ होतं. हे स्पष्टीकरण १९६० मध्ये हर्बर्ट एल्फ्टमन यांनी मांडलं. ताठपणा फक्त या आसांमुळे येतो असं आता कोणी म्हणत नाही, तळव्यातले स्नायूही भरपूर काम करतात. पण टाच कुठे झुकली आहे यावर मधल्या भागाचा सैलपणा बदलतो, हे आजही तपासताना हाताला जाणवतं. एका हाताने टाच धरून बाहेर कलती ठेवा, दुसऱ्या हाताने चवडा वर-खाली करा. मग टाच आत वळवून तेच करा. फरक लगेच कळेल.

याच ठिकाणी टॅलसचं गोल डोकं खालून धरून ठेवणारं स्प्रिंग लिगामेंट आहे. ते टाचेच्या हाडाच्या आतल्या बाजूच्या कंगोऱ्यापासून नेव्हिक्युलरपर्यंत जातं. त्याच्या अगदी खालून पोटरीच्या खोल भागातून आलेल्या टिबियालिस पोस्टीरियर स्नायूचं टेंडन जातं आणि नेव्हिक्युलरला धरतं. टाच उचलताना हाच स्नायू टाच आत वळवतो आणि मधला भाग ताठ करतो. चाळिशीनंतर, विशेषतः वजन जास्त असलेल्या बायकांमध्ये, हे टेंडन झिजायला लागतं. आधी घोट्याच्या आतल्या हाडामागे दुखतं आणि सुजतं. मग भार स्प्रिंग लिगामेंटवर येतो, ते ताणतं, टॅलसचं डोकं खाली-आत घसरतं, आणि पूर्वी कमान असलेलं पाऊल एका बाजूने सपाट होत जातं. मागून बघितलं तर त्या पायाची बाहेरची बोटं दुसऱ्या पायापेक्षा जास्त दिसतात. ‘वयामुळे पाय पसरले’ म्हणून हे सोडून देऊ नये. सुरुवातीला योग्य आधार आणि व्यायाम यांनी थांबवता येतं, सांधे कडक झाल्यावर शस्त्रक्रियेशिवाय फारसं काही उरत नाही.

तपासायचं कसं? भिंतीला बोटं टेकवून एका पायावर उभं राहायचं, गुडघा सरळ, आणि टाच पूर्ण उचलायची. मागून दुसऱ्याने बघायचं. टाच वर जाताना आत वळली, कमान उभी राहिली, आणि हे आठ-दहा वेळा जमलं, तर ते पाऊल उभं असताना कितीही सपाट दिसो, त्याचं काम चाललेलं आहे. दुखत नसेल तर त्याला टेकूची गरज नाही. टाच उचलतच नाही, किंवा बाहेर कललेलीच वर जाते, तर टेंडन तपासून घ्यायला हवं. दोन्ही टाचा उचलूनही कमान अजिबात येत नसेल आणि पाऊल कडक लागत असेल, तर लहान वयात मागची हाडं एकमेकांना जोडलेली राहिली आहेत का, ते बघावं लागतं. ओल्या ठशापेक्षा ही चाचणी कितीतरी जास्त सांगून जाते.

कमानी तीन. आतली उंच, बाहेरची बसकी, आणि मेटाटार्सलांच्या मुळांशी आडवी. स्थिर उभं असताना त्या कोण धरतं याचं उत्तर १९६३ मध्ये बासमाजियन आणि स्टेको यांनी स्नायूंची विद्युत हालचाल नोंदवून दिलं: पाय आणि तळव्यातले स्नायू त्या वेळी जवळजवळ शांत असतात, भार हाडांची रचना आणि लिगामेंट पेलतात. चालायला लागलं की स्नायू जागे होतात. आडव्या कमानीकडे फार काळ दुर्लक्ष झालं. २०२० मध्ये वेंकटेशन, मांद्रे आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये दाखवलं, की पावलाच्या लांबीतल्या ताठपणाचा ४० टक्क्यांहून जास्त वाटा या आडव्या वक्रतेचा आहे. नोट मधे उभी वाकवून धरली की लांबीत खाली झुकत नाही, तेच तत्त्व.

तळव्यातला सर्वांत लांब आधार म्हणजे प्लांटर फॅशिया, टाचेच्या हाडाच्या खालच्या उंचवट्यापासून बोटांच्या मुळांपर्यंत गेलेला जाड पट्टा. टाच उचलली की बोटं वर वाकतात, पट्टा मेटाटार्सलच्या डोक्याभोवती ओढला जातो, त्याची मोकळी लांबी कमी होते आणि टाच नि चवडा जवळ येऊन कमान उचलते. हिक्स यांनी १९५४ मध्ये हे मांडलं. उभं राहून कोणाला तरी फक्त अंगठा वर उचलायला सांगा. कमान आपोआप वर येईल. यासाठी अंगठ्याच्या मुळाचा सांधा चालताना ४० अंशांच्या पुढे वाकायला हवा. तो आखडला की माणूस नकळत बाहेरच्या कडेवरून पाऊल ढकलतो, आणि बुटाच्या वरच्या कातड्यावरची घडी आडवी पडण्याऐवजी तिरकी पडते.

सकाळी पलंगावरून उतरताना पहिल्या पावलांना टाचेत कळ, चार पावलांनी कमी, दिवसाच्या शेवटी पुन्हा, हे प्लांटर फॅशियाचं दुखणं. एक्सरेत दिसणाऱ्या टाचेच्या काट्याला दोष देऊ नका. तो काहीही न दुखणाऱ्या पुष्कळ लोकांतही असतो. दोन गोष्टी खरोखर उपयोगी आहेत. पहिली, उठल्यावर जमिनीवर पाय टेकवायच्या आधी: दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्यायचा, बोटं हाताने नडगीकडे ओढायची, तळव्यात पट्टा ताणलेला बोटांना लागला पाहिजे, १० सेकंद धरायचं, असं १० वेळा, दिवसातून तीनदा. दुसरी, पायरीच्या कडेवर उभं राहून टाच उचलणं, पण बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून, म्हणजे बोटं वर वाकलेली राहतील. तीन सेकंद वर, दोन सेकंद थांबायचं, तीन सेकंद खाली. बारा वेळा जेमतेम जमेल इतका भार, तीन फेऱ्या, एक दिवसाआड. दोन आठवड्यांनी पाठीवरच्या पिशवीत पुस्तकं भरून भार वाढवायचा आणि दहाच्या चार फेऱ्या करायच्या. राथलेफ आणि सहकाऱ्यांच्या २०१५ च्या अभ्यासात या व्यायामाने तीन महिन्यांवर नुसत्या ताणण्यापेक्षा जास्त फरक दिसला. वर्षाअखेर दोन्ही गट सारखे झाले. लोक चुकतात ते भार न वाढवण्यात आणि पंधरा दिवसांत सोडून देण्यात.

आता पावलाची, तपासणीतून सर्वांत जास्त निसटणारी इजा. क्युनिफॉर्म, क्युबॉइड आणि मेटाटार्सल यांच्या मधल्या सांध्यांच्या रांगेला लिसफ्रांक म्हणतात. दुसऱ्या मेटाटार्सलचं मूळ बाकीच्यांपेक्षा मागे, क्युनिफॉर्मांच्या खाचेत रुतलेलं आहे. दुसऱ्या ते पाचव्या मेटाटार्सलांची मुळं एकमेकांना लिगामेंटने बांधलेली आहेत, पण पहिल्या आणि दुसऱ्याच्या मुळांमध्ये असा बंध नाही. त्याऐवजी आतल्या क्युनिफॉर्मपासून दुसऱ्या मेटाटार्सलच्या मुळाकडे एक तिरकं जाड लिगामेंट जातं. चवडा जमिनीवर, टाच वर, आणि शरीराचा भार वरून आला, म्हणजे जिन्याची शेवटची पायरी चुकली किंवा मोटरसायकलवरून पडताना पाऊल मुडपलं, की तेच तुटतं. बसून काढलेल्या एक्सरेत सगळं जागेवर दिसू शकतं. तळव्याच्या मधोमध काळंनिळं झालं असेल आणि चवड्यावर उभं राहता येत नसेल, तर दोन्ही पावलांवर भार देऊन एक्सरे काढून तुलना करावी. दुसऱ्या मेटाटार्सलची आतली कड मधल्या क्युनिफॉर्मच्या आतल्या कडेशी एका रेषेत हवी, आणि पहिल्या-दुसऱ्याच्या मुळांमधली फट दुसऱ्या पायापेक्षा रुंद नको. शंका राहिली तर सीटी किंवा एमआरआय. हाडं सरकलेली असतील तर शस्त्रक्रिया लागते. नुसतं पट्टी बांधून चालत राहिल्यास मधला भाग खचतो आणि पुढे तिथे संधिवात होतो.

लहान मुलांच्या सपाट पावलांबद्दल आईवडील फार घाबरतात. पहिल्या काही वर्षांत तळव्यात चरबीचा थर असतो, लिगामेंट सैल असतात, कमान दहा वर्षांपर्यंत सावकाश घडत राहते. भारतातलाच एक महत्त्वाचा अभ्यास आहे: राव आणि जोसेफ यांनी १९९२ मध्ये २,३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासले. पादत्राणं वापरणाऱ्यांत सपाट पावलं ८.६ टक्के, अनवाणी वावरणाऱ्यांत २.८ टक्के. फरक बंद बुटांत जास्त, उघड्या चपलांत कमी. मुलाला दुखत नसेल, चवड्यावर उभं राहिल्यावर कमान येत असेल, तर खास बूट देऊ नका. घरात आणि स्वच्छ मैदानावर अनवाणी खेळू द्या.

मधुमेहाचा विषय मात्र वेगळा आणि तातडीचा आहे. बधिर पावलात मधले सांधे न दुखता मोडतात, लिगामेंट सुटतात, हाडं विरघळतात आणि कमान उलटी होऊन तळव्याच्या मधोमध फुगवटा येतो. याला शारको फूट म्हणतात. सुरुवातीला पाऊल लाल, सुजलेलं आणि गरम असतं. जखम नसताना ते जंतुसंसर्ग किंवा युरिक ॲसिड म्हणून औषधांवर ठेवलं जातं आणि माणूस त्यावर चालत राहतो, तेवढ्यात आकार बिघडतो. हाताच्या पालथ्या बाजूने दोन्ही पावलांची उष्णता ताडून बघा. दुखत नसला तरी एक पाय दुसऱ्यापेक्षा स्पष्ट गरम लागत असेल तर त्याच दिवसापासून त्यावर भार देणं बंद करायचं आणि डॉक्टर गाठायचा. उपचार म्हणजे गुडघ्यापर्यंतचं, तळव्याला सगळीकडून चिकटून बसणारं प्लास्टर. सूज उतरली की ते सैल पडतं, म्हणून वारंवार बदलावं लागतं, आणि दोन्ही पावलांच्या उष्णतेतला फरक दोन अंश सेल्सिअसच्या खाली येऊन तिथेच टिकेपर्यंत, म्हणजे पुष्कळदा काही महिने, ते काढत नाहीत.